शाल, श्रीफळ आणि चौथी लेन

नाशकात सायकल चालवणाऱ्याला मित्र मिळतात. पळणाऱ्यालाही मिळतात. रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या कुठल्याही मिसळीच्या ठिकाणी जा, एकसारखे टी-शर्ट घातलेली मंडळी घाम पुसत, जादा तर्री मागवत, कोण किती लांब गेलं यावर हुज्जत घालत बसलेली असतात. मी त्याच वेळेला धरणावरून परतलेली असायचे आणि त्यांच्या टेबलांमधून वाट काढत कोपऱ्यातल्या एका खुर्चीवर बसायचे. पाठ भिजलेली, पोटात कावळे ओरडतायत, आणि कौतुकानं सांगावं असं कोणी समोर नाही. कोणी विचारलंच तर मी म्हणायचे, "रोइंग करते." समोरचा हसून म्हणायचा, "म्हणजे ते धरणावर बोटिंग असतं, ते?"

ते नाही हो. हे मी इतक्या लोकांना इतक्यांदा सांगितलं आहे, की हल्ली सांगताना माझा आवाज आपोआप शाळेतल्या बाईंसारखा होतो. माझी बोट एकटीची असते. लांब, निमुळती, रुंदीला जेमतेम माझ्या कमरेएवढी. दोन हातांत दोन वल्ही, पाय बोटीतच बसवलेल्या बुटांत बांधलेले, आणि खाली रुळांवर मागेपुढे सरकणारी बैठक. पायांनी रेटायचं, पाठीनं ओढायचं, मग हात. जरा लक्ष इकडेतिकडे गेलं की माणूस पाण्यात. त्यात पर्यटक बसत नाहीत आणि शेंगदाणे खात फोटो काढता येत नाहीत.

तेव्हा मी पस्तिशीत होते. सातपूरला एका कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी, त्याच बाजूला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, फ्लॅटचा हप्ता, आणि घरात आई. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. सकाळी उजाडायच्या सुमारास मी स्कूटरवरून धरणावर जायचे, दोन तास वल्ही मारायचे आणि तशीच कामावर हजर व्हायचे. कारखान्याच्या गेटवर हजेरीचं यंत्र आहे. वल्ह्याच्या मुठीच्या टोकावर अंगठा दाबून ठेवावा लागतो, त्यामुळे माझ्या अंगठ्यांना कायमचे घट्टे पडलेत आणि ते यंत्र मला ओळखत नाही. सगळे आत जायचे आणि मी अंगठा पुसत, फुंकर घालत तिथेच उभी. गेटवरच्या माणसाला वाटायचं, ही बाई घरी खूप भांडी घासते.

वयाच्या या टप्प्यावर सरकारी योजना, शिबिरं, निवड समित्या यांच्या लेखी आपण नसतोच. पण माझ्यासारख्या हौशी, वय उलटलेल्या रोअरांसाठी दरवर्षी एक आंतरराष्ट्रीय शर्यत भरते. जगभरातले डॉक्टर, शिक्षक, प्लंबर, आजोबासुद्धा आपापल्या वयोगटात उतरतात. मी माझ्या वेळा नोंदवून प्रवेशासाठी अर्ज केला होता. त्या वर्षी ती शर्यत युरोपातल्या एका तळ्यावर होती. प्रवेश मिळाला. बोट तिथे भाड्यानं मिळणार होती, राहायची सोय स्वस्तातली बघता आली असती. फक्त सगळं स्वखर्चानं.

मला ती शर्यत जिंकायची नव्हती. जिंकण्याइतकी मी चांगली नाही, हे मला ठाऊक आहे. मला आयुष्यात एकदा, बाजूच्या लेनमध्ये दुसरं कोणीतरी असताना, वल्ही मारायची होती. आमच्या धरणावर माझ्या वयाची दुसरी बाई नव्हती. लहान मुलंमुली यायची, पोलिस भरती किंवा कॉलेजचे गुण डोक्यात ठेवून, आणि दोन वर्षांत निघून जायची. मी वर्षानुवर्षं एकटीच घड्याळाशी शर्यत लावत होते. आपण जे करतो ते करणारी आणखी पाच माणसं एका रांगेत बघायची, एवढीच माझी भूक होती. ती कोणाला सांगायला गेले की माझं मलाच हसू यायचं.

पैसे गोळा करायला निघाले. मी एक फाइल केली, तिच्यात फोटो, प्रमाणपत्रं, प्रवेशाचं पत्र. ती काखेत मारून दुकानं, कारखाने, क्लासेस, जुनी शाळा, सगळं पालथं घातलं. इंटरनेटवरही एक पान उघडलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर त्यावर भराभर अंगठे आले, हात जोडलेली चित्रं आली, आणि प्रत्येकानं ते पुढे दुसऱ्या ग्रुपवर पाठवलं. लासलगावच्या मामांनी फोन करून आशीर्वाद दिला आणि कांद्याचं काही खरं नाही, एवढंच सांगितलं. धरणावरच्या बोटींच्या शेडचा वॉचमन तेवढा मनापासून चौकशी करायचा. "ताई, तिकडलं पाणी गोडं हाय का खारं?" म्हणायचा. गोडं आहे म्हटल्यावर त्याला बरं वाटायचं.

आणि सत्कार. अहो, सत्कार तर इतके झाले! आपल्याकडे माणसाला पैसे द्यायला जीव तुटतो, पण शाल द्यायला कोणी मागे-पुढे पाहत नाही. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ, कुठल्यातरी पतसंस्थेचा वर्धापनदिन. खुर्चीत बसवायचं, शाल, श्रीफळ, गुच्छ, फोटो, टाळ्या. आईनं त्या नारळांच्या वड्या करून करून शेजारीपाजारी वाटल्या. शाली दिवाणात मावेनात, तेव्हा एक वॉचमनला दिली. मी चिडायचे; पण खोटं कशाला बोलू, खुर्चीत बसले की छान वाटायचं. इतकी वर्षं कोणी बघितलं नव्हतं, आता बघत होते.

तरी गाडी हळूहळू पुढे सरकत होती. जुन्या शाळेनं थोडं द्यायचं कबूल केलं. कारखान्यातल्या सहकाऱ्यांनी पगारातून थोडे थोडे काढायचं ठरवलं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आमच्या इमारतीतल्या बायकांची भिशी. आई त्यात पहिल्यापासून आहे आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू ती चालवतात. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे भरायचे, चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिनं सगळी रक्कम उचलायची. त्या महिन्यात काकूंनी सांगितलं, चिठ्ठी काढायची नाही, भिशी हिला द्यायची, ही परदेशात जाऊन आली की आपल्या सोयीनं भरेल. एकही बाई नाही म्हणाली नाही. विमानाचं तिकीट त्यात निघणार होतं. त्या रात्री आई झोपेपर्यंत गुणगुणत होती.

मग भाऊंचा कार्यक्रम झाला. आमच्या भागातले पुढारी. त्यांना सगळे भाऊच म्हणतात. दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव होता आणि त्यात मलाही बोलावलं होतं. हॉल भरलेला. भाऊंनी माझ्या खांद्यावर शाल घातली, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "आपल्या ताई परदेशात देशाचं नाव काढायला चालल्यात. त्यांनी दारोदार फिरायचं? मी इथं बसलोय कशाला? ताईंचा सगळा खर्च, जाण्यापासून येण्यापर्यंत, हा तुमचा भाऊ करणार!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. मी व्यासपीठावर रडले. खरंच रडले, नाक वाहीपर्यंत. समोर आईसुद्धा पदर डोळ्याला लावून बसली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला आणि आठवड्याच्या आत चौकात फ्लेक्स लागला. भाऊ मोठे, मी लहान, हातात वल्हं, आणि खाली "आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी हार्दिक शुभेच्छा".

त्यानंतर जे झालं त्यात कोणाचीच लबाडी नव्हती, आणि म्हणूनच मला कोणावर ओरडता आलं नाही. शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले, "बरं झालं, आता आमचे पैसे आपण क्रीडासाहित्याला वापरू." सहकाऱ्यांनी पाठ थोपटली आणि वर्गणीचा विषय संपला. भिशीच्या दिवशी काकूंनी मला मिठीच मारली. "तुझं काम झालं बाई, सुटलो," म्हणाल्या, आणि नेहमीप्रमाणे चिठ्ठी काढली. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचं नाव निघालं. त्यांनी स्वयंपाकघरात नव्या ट्रॉल्या बसवून घेतल्या. मला बोलावून दाखवल्यासुद्धा. मी ड्रॉवर ओढून बघितला आणि छान आहे म्हटलं. छानच होता.

एखाद्यानं चारचौघांत जाहीर केलेलं दान मागायला कसं जायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आठवडाभर वाट बघून मी भाऊंच्या कार्यालयात गेले. भाऊ मुंबईला. परत गेले. भाऊ एका लग्नाला घोटीला. तिथल्या पोरांनी मला दर वेळी खुर्ची दिली, चहा दिला, "ताई आल्यात" असं आत जाऊन सांगितलं. अपमान असा कोणीच केला नाही. एकदा भाऊ भेटलेही. बाहेरगावचे पाहुणे बसले होते. मला बघताच ते उठून उभे राहिले आणि पाहुण्यांना म्हणाले, "ह्याच त्या!" कोणीतरी पळत जाऊन कपाटातून शाल आणली, नारळ आणला, आणि तिथल्या तिथे माझा सत्कार झाला. पाहुण्यांनी फोटो काढले. मी आठवण करून द्यायला गेले होते आणि शाल-नारळ घेऊन जिना उतरले. खाली स्कूटरपाशी उभी राहून मला इतकं हसू आलं की पानटपरीवाला बघायला लागला. घरी पोचेपर्यंत ते हसू कुठच्या कुठे गेलं होतं.

व्हिसासाठी खात्यावर पैसे दाखवावे लागतात आणि ते आयत्या वेळी आणून चालत नाहीत. व्हिसाच्या अर्जाची तारीख जवळ येत होती. मला कोणाकडे तरी जाऊन म्हणता आलं असतं की पैसे आलेले नाहीत. पण तसं म्हणणं म्हणजे भाऊ खोटं बोलले असं म्हणणं. आणि चौकात त्यांच्या शेजारी माझाच फोटो वल्हं घेऊन उभा. शिवाय ज्यांनी एकदा देऊ केलं होतं आणि आनंदानं परत घेतलं होतं, त्यांच्या दारात पुन्हा कुठल्या तोंडानं जायचं? मी रोज ठरवायचे, आज काकूंना सांगू. रोज दुसऱ्या मजल्यावर पाय अडखळायचे आणि मी वर निघून जायचे. फोन करायचे, "भाऊ मीटिंगमध्ये आहेत." ती तारीख गेली. त्या दिवशी मी कामावर होते आणि जीएसटीचे आकडे जुळवत होते.

आईला त्या रात्री जेवताना सांगितलं. तिनं घास खाली ठेवला. मला वाटलं, ती जवळ घेईल, निदान भाऊंना दोन शिव्या तरी देईल. ती म्हणाली, "आता लोकांना मी काय सांगू?"

मी ताट उचलून आत गेले. पुढे कित्येक दिवस आम्ही भाजी, दूध आणि गॅस सिलेंडर यांच्यापलीकडे काही बोललो नाही.

मी माघार घेतल्याचा मेल पाठवायला हवा होता. रोज उघडायचे आणि बंद करायचे. त्यामुळे त्यांच्या लेखी मी होतेच, आणि शर्यतीचं वेळापत्रक आलं तेव्हा त्यात माझं नाव होतं. चौथी लेन. शर्यतीच्या वेळी आपल्याकडे दुपार होती. सगळे कँटीनला गेल्यावर मी टेबलापाशी डबा उघडला आणि मोबाइलवर त्यांचं थेट प्रक्षेपण लावलं. शांत, हिरवट पाणी. तरंगत्या गोळ्यांच्या रांगांनी आखलेल्या लेन. पाच बायका आपापल्या बोटींत बसून खांदे सैल करत होत्या. एकीचे केस माझ्याच वयात पांढरे झाले होते. आणि मधे चौथी लेन, जिच्यात काहीच नव्हतं.

शर्यत सुटली. कॅमेरा वरून दाखवत होता. तिसरी आणि पाचवी बरोबरीनं चालल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये ती रिकामी पट्टी त्यांच्यासोबत शेवटपर्यंत गेली. तिच्यात कोणी शिरलं नाही. ती माझी होती, म्हणून त्यांनी ती माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. शर्यत संपल्यावर त्या पाचजणी बोटींवर ओणव्या होऊन धापा टाकत होत्या, मग पांढऱ्या केसांची ती शेजारच्या लेनकडे बघून काहीतरी ओरडली आणि सगळ्या हसल्या. पडद्यावर नावांची यादी आली, माझ्या नावापुढे वेळेच्या जागी तीन अक्षरं, उतरली नाही या अर्थाची. मी डब्यातली भेंडी संपवली. टाकून द्यायचं आमच्या घरात चालत नाही.

मला धास्ती होती लोकांच्या प्रश्नांची. तू गेली का नाहीस, असं सगळे विचारतील, मग काय सांगायचं, याची उत्तरं मी रचून ठेवली होती. ती कधी लागलीच नाहीत. कोणी विचारलंच नाही. मी रोज त्याच स्कूटरवरून, त्याच फ्लेक्सखालून, त्याच रस्त्यानं जात-येत होते, आणि लोकांनी मनातल्या मनात मला पाठवून परतही आणलं होतं. किराणावाला म्हणाला, "काय ताई, आलात का? बारीक झालात. तिकडचं खाणं मानवलं नाही वाटतं." कारखान्यातली एक बाई म्हणाली, "चॉकलेटं कुठेत?" मी तिच्याच समोरच्या टेबलावर महिनाभर बसले होते! मी गेले की नाही हे कळण्याइतकंही माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी आधी चिडले, मग थकले, आणि मग "हं" म्हणायला लागले. आईचं त्याहून वाईट. जिन्यात कोणी विचारलं तर ती म्हणायची, "झाली, छान झाली स्पर्धा." मी तिच्या मागे पिशव्या घेऊन उभी असायचे. तेव्हा मला ती परकी वाटायची. घरातलं एकच माणूस ज्याला खरं माहीत होतं, तेही त्या गर्दीत जाऊन बसलं होतं.

दिवाळीच्या आधी भाऊंचा वाढदिवस आला आणि मला निमंत्रण. परदेशात देशाचं प्रतिनिधित्व केल्याबद्दल सत्कार. मी जाणार नव्हते. आई म्हणाली, "नाही गेलीस तर चर्चा होईल." म्हणून गेले, रागानंच गेले.

तोच हॉल, तीच शाल. भाऊ मनापासून हसत होते. ते विसरले होते की त्यांना खरंच वाटत होतं पैसे दिले, हे मला आजही सांगता येणार नाही. सूत्रसंचालक म्हणाला, "ताईंना विनंती, त्यांनी आपला अनुभव दोन शब्दांत सांगावा."

माइक हातात आला. मी म्हणाले, "मी गेले नाही. पैसे मिळाले नाहीत. माझ्यासाठी चौथी लेन ठेवली होती, ती रिकामी राहिली. मी ते मोबाइलवर बघितलं." एवढंच. आवाज स्वच्छ होता, माइकही चांगला होता.

टाळ्या वाजल्या. नेहमीसारख्या, दोन शब्द संपले की वाजतात तशा. भाऊसुद्धा टाळ्या वाजवत होते. सूत्रसंचालक "ताईंच्या जिद्दीला सलाम" म्हणाला आणि त्यानं पुढचं नाव पुकारलं. मी पायऱ्या उतरून खाली आले, तर एका अनोळखी बाईनं माझा हात धरून सांगितलं, "छान बोललात हो." मला वाटलं, मी आता आरडाओरडा केला तरी त्यालाही टाळ्याच पडतील. माणसांनी भरलेल्या जागेत इतकं एकटं मला धरणाच्या मध्यावरही कधी वाटलं नव्हतं.

आईला स्कूटरवर मागे बसवून घरी आले. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर काकूंचं दार उघडं होतं. त्या कार्यक्रमाला आल्या नव्हत्या. माझ्या खांद्यावरची शाल बघून हसत बाहेर आल्या. "झाला का सत्कार? अगं, शेवटी कितवी आलीस ते तू सांगितलंच नाहीस आम्हाला."

मी "हं" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आई म्हणाली, "गेलीच नाही ती."

काकूंना कळेना. "म्हणजे? भाऊंनी तर..."

"नाही दिले त्यांनी. एक पैसा नाही दिला. चार महिने मी तुमच्याशी खोटं बोलतेय. माझी पोर गेलीच नाही. तिथे तिची जागा रिकामी राहिली." आईचा आवाज जिन्यात वरपासून खालपर्यंत घुमला. पहिल्या मजल्यावर कोणाचंतरी दार उघडल्याचा आवाज आला. आईनं ऐकला, आणि तरी ती थांबली नाही. "इतकी वर्षं ती अंधारात उठून जाते, आणि तिची जागा रिकामी राहिली!"

मी पायरीवर बसले आणि रडायला लागले. व्यासपीठावर रडले होते तशी नाही. शर्यत हरलेलं माणूस रडतं, तशी. इतके महिने मला हरतासुद्धा आलं नव्हतं. आईला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. ती भिंतीला धरून हळूहळू वाकली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली.